दोन कपांचं माप

३ सप्टेंबर

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तिकडच्या लॅबमध्ये तुझा जम बसला हे वाचून बरं वाटलं. दिवसाला चार कवळ्या करणं म्हणजे काही खायचं काम नाही. (अगं, हा विनोद आपोआपच झाला.) तू केलेली माझी कवळी अजून एकदाही हललेली नाही. शेजारच्या शिंपीणबाईंची बोलता बोलता खाली येते, म्हणून मी मुद्दाम त्यांच्याशी जास्त बोलते.

फोन घेत नाही म्हणून रागावू नकोस. बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात बसून लोकांची बोलणी जोडून दिली, आता माझेच कान गेले. फोनवर नुसती खरखर येते. तू हसतेस की रडतेस तेही कळत नाही. पत्रात तरी कळतं.

काम असं, की परवा स्वयंपाकघरातलं वरचं कपाट आवरायला काढलं. तो गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षांत, त्या कपाटाला हात लावला नव्हता. मागच्या बाजूला तोळेमास्तरांचं सगळं सामान निघालं. चिनीमातीचा तो शंकूसारखा ड्रिपर, काचेचं भांडं, कागदी फिल्टरची पुडी आणि छोटा काटा. दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची आणि घरी येऊन कॉफीची पूड तोलत बसायचं! आपण दोघींनी तोळेमास्तर म्हणून किती छळलं पोराला. मी म्हणायचे, कॉफी म्हणजे काय औषध आहे, पातेल्यात उकळ आणि गाळ. त्यानं इतक्या वेळा कप हातात दिला, पण एकदाही कौतुकाचा शब्द काढला नाही मी. आता ते मनातून जात नाही.

तर ती कशी करायची ते मला नीट लिहून पाठव. उशिरा का होईना, एकदा मन लावून पिऊन बघते. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी,
आई


११ सप्टेंबर

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

ड्रिपर सापडल्याचं वाचलं आणि मी लॅबमध्येच रडले. बाजूच्या टेबलावरच्याला सांगितलं की डोळ्यात प्लास्टर गेलं.

आता सांगते तसं करा, आणि मधेच स्वतःची अक्कल चालवू नका. पाणी उकळलं की गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं. फिल्टरची शिवण दुमडून तो ड्रिपरमध्ये बसवायचा, ड्रिपर काचेच्या भांड्यावर ठेवायचा आणि आधी नुसतं गरम पाणी कागदावरून सोडायचं, म्हणजे कागदाचा वास जातो. त्याच पाण्यानं दोन्ही कप विसळून गरम करून ठेवायचे. पूड जाड मिठाएवढी, तीस ग्रॅम, आणि पाणी एकूण पाचशे. मी रोज सकाळी हेच माप घेते, त्यात चुकायला जागाच नाही. सुरुवातीला पूड भिजेल एवढंच पाणी घालायचं, साठेक ग्रॅम, आणि चाळीस सेकंद हाताची घडी घालून उभं राहायचं. पूड फुगून वर येते आणि बुडबुडे फुटतात. ह्यांचा सगळ्यात लाडका भाग हाच. तेवढा वेळ घरात कुणी बोललेलं खपत नसे, आठवतं? मग मधून बाहेर, गोल गोल, बारीक धार. साडेतीन मिनिटांत सगळं खाली उतरायला हवं.

लांब चोचीची किटली मात्र मी इकडे आणली, माफ करा. तिच्याशिवाय बारीक धार धरणं अवघड आहे. इकडे बाकी सगळं ठीक. कॉफी कशी झाली ते कळवा, आणि बिघडली तर खरं सांगा.

लोभ आहेच, तो तसाच ठेवावा.

तुमची,
सूनबाई


१९ सप्टेंबर

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

किटली नाही म्हणून माझं अडलं नाही. कुंड्यांना पाणी घालायची छोटी झारी नवी कोरी आणली. अशी बारीक धार पडते की बघत राहावं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं झाली तरी कॉफी खाली उतरेना. झारीतला शुक्राचार्य कोण म्हणून बघितलं, तर दुकानदारानं पूड पिठासारखी दळून दिली होती. कडू जहर झाली. दुसऱ्या दिवशी जाड दळून आणली आणि छान उतरली. चाळीस सेकंद तोंड बंद ठेवणं मला जमलं नाही, मी ड्रिपरशीच बोलले.

वास सुटला तेव्हा मात्र दार उघडून जिन्याकडे बघून आले. संध्याकाळी तो घरी आला की असाच वास जिन्यापर्यंत यायचा. कॉफी चांगली होती गं. त्याला सांगायला हवं होतं.

आता दुसरं. तुझ्या मापानं करून पाहिलं तर दोन मोठे कप भरले. टाकवेना म्हणून दोन्ही प्यायले, दिवसभर छाती धडधडत होती. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. आधी वाटलं, तुमच्या दोघांच्या वेळचं जुनं माप तुझ्या हातात बसलं असेल. पण तूच लिहितेस, मी रोज सकाळी हेच माप घेते. आणि वर म्हणतेस, दोन्ही कप गरम करून ठेवायचे. तू खोलीत एकटी राहतेस. मग हा दुसरा कप कुणाचा?

मी एक्स्चेंजात होते, बाई. बोलणाऱ्या दोघांच्या मधे तिसरं कुणी लाइनवर असलं की मला त्याच्या श्वासावरून कळायचं. आडपडदा न ठेवता लिही.

तुझी,
आई


२६ सप्टेंबर

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्यापासून काही लपत नाही हे विसरले होते. हे पत्र चार दिवस लिहिते आहे.

आमच्या लॅबच्या इमारतीतली लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस आहे. गेल्या वर्षी मी कवळ्यांचा ट्रे घेऊन लिफ्टमध्ये अडकले. तो बाहेरून मला धीर देत होता आणि मी त्याला सांगत होते की धक्का देऊ नका, आत सात जणांचे दात आहेत. तेव्हापासून ओळख. घरी म्हातारे वडील आणि तो, दोघंच. सकाळी कामावर जाताना दाराशी थांबतो, उभ्या उभ्याच कॉफी पितो आणि जातो. एवढंच आहे, आई. पण त्या वेळेची मी वाट बघते, हेही तुम्हाला खोटं सांगणार नाही.

त्यानं लग्नाचं विचारलंय. मी उत्तर दिलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी नको म्हणेन, आणि ते मनापासून म्हणेन. ह्यांना विसरले असं कृपा करून समजू नका. पूड फुगते तेवढा वेळ मी अजूनही कुणाशी बोलत नाही.

मला भीती एकाच गोष्टीची वाटते. माझे आई-वडील मी लहान असतानाच गेले. आई म्हणून हाक मारली ती तुम्हालाच. हो म्हटलं तर मग मी तुमची कोण? पत्राखाली सही काय करायची?

तुमच्या पत्राची वाट पाहते.

तुमची,
सूनबाई


२० ऑक्टोबर

ती. आईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र नाही. शिंपीणबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या तब्येत उत्तम आहे, फक्त बोलत नाहीत. म्हणजे रागावला आहात. रागवा, पण रागावल्याचं तरी लिहा. रोज कामावरून आले की आधी पत्रपेटी उघडते. विजेचं बिल आणि जाहिराती निघतात. तुम्ही लिहिलेलं काहीही चालेल.

तुमची


८ नोव्हेंबर

चि. सौ. कां. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

वरचा मायना दोनदा वाच. म्हातारी चुकलेली नाही.

लिहिलं नाही, कारण मला राग आला होता. लिफ्टवाल्यावर आला असं म्हणणार होते, पण तुझ्यावरच आला. वाटलं, तीन वर्षांत झालं का सगळं? मग ज्याच्यावर रागवायला हवं तो निघून गेलाय म्हणून त्याच्यावर आला. ड्रिपर पुन्हा कपाटात टाकला. तुला तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्या पत्रात मी इतकी समजूतदार होते की माझाच विश्वास बसेना.

तुझा फोन येऊन गेल्यावर शिंपीणबाई मला म्हणाल्या, की मुलगा गेला, सूनही लांब गेली, आता तुमचं कुणी नाही. मी ताडकन म्हणाले, माझी मुलगी परगावी नोकरी करते, कुणी नाही कसं? त्या बघतच राहिल्या. मीही जरा बघत राहिले, कारण ते ठरवून बोलले नव्हते. सूनबाई हे नातं तुला त्याच्यामुळे मिळालं. मुलगी हे मी देते आहे, आणि ते घेतल्याशिवाय तुझी सुटका नाही. सही काय करायची ते आता तुझं तू बघ.

लिफ्टवाल्याला हो म्हणून सांग. त्याला इकडे घेऊन ये. आमच्याकडे लिफ्ट नाही, तीन जिने चढावे लागतील, तेव्हा त्याची विद्या इथे चालायची नाही. वडिलांचं वय झालंय म्हणतेस, त्यांना नीट बघ. म्हातारी माणसं मागत नाहीत, त्यांना आपणच विचारायचं असतं.

एक गोष्ट लिहून टाकते, नाही तर ती आत कुजेल. मला तुझा हेवा वाटला. तुला दुसरं माणूस मिळू शकतं. मला दुसरा मुलगा मिळणार नाही. हे तुला लागावं म्हणून नाही सांगत, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला?

आणि एकच मागते. हा माणूस रोज तुझ्या दाराशी उभा राहून जी कॉफी पितो, ती करण्याची रीत माझ्या मुलाची आहे. कधी त्यानं विचारलं की अशी करायला कुणी शिकवलं, तर घुटमळू नकोस, विषय बदलू नकोस. नाव घे. ते नाव आता तुझ्या-माझ्याच तोंडी उरलंय. तिसऱ्या माणसालाही माहीत असू दे.

माया आहे तेवढीच आहे, तिकडूनही कमी पडू देऊ नकोस.

तुझी,
आई