उरलेल्या विमानाची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, प्रवासी विमान कंपनीची मालकीण, वय सदुसष्ट, हे मृत्युपत्र माझ्या कार्यालयातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोटातली गाठ बाकी शरीराला छळते, डोक्यापर्यंत ती पोहोचलेली नाही, असे डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले असून तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे.

वकील म्हणाले, "बाई, हे थोडक्यात लिहायचं असतं." थोडक्यात लिहिले तर माझ्या मागे लोक आपापले अर्थ काढत बसतील. म्हणून काय द्यायचे ते लिहिते, आणि का तेही लिहिते. याची अंमलबजावणी वकिलांनी करावी.

कलम १. विमानतळाच्या रस्त्यावरचे दुमजली घर, आतल्या सामानासह, माझ्या सुनेला द्यावे. घर माझ्या यजमानांनी घेतले होते, पण पहिल्यापासून माझ्या नावावर आहे, त्यामुळे त्यात दुसऱ्या कोणाचा हक्क निघत नाही. वरच्या मजल्यावरच्या काचा फुटल्यावर आम्ही फळ्या ठोकल्या, त्या तशाच आहेत. काचा मिळू लागल्या की बसवून घ्याव्यात.

सुनेने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील. हे मुद्दाम लिहिते. नवा सहवैमानिक ती बसते त्या तिकीट खिडकीशी रेंगाळतो आणि ती त्याच्याशी बोलताना हसते, हे मला इथून दिसते. त्यावर माझे काही म्हणणे नाही. असायला हवे का, याचा मी विचार करून पाहिला. काही सुचले नाही.

कलम २. माझे धाकटे दीर. यजमान गेले आणि वर्षभरात युद्ध सुरू झाले. तेव्हा कंपनीकडे दोन मोठी जेट विमाने आणि एक पंख्यांचे छोटे विमान होते. दीर कॅप्टन. ते म्हणाले, "वहिनी, इथं उभ्या असलेल्या विमानांचा विमा कोणी उतरवायला तयार नाही. दोन्ही बाहेर नेऊन ठेवतो. पंधरा दिवसांत परत आणतो." एक ते स्वतः घेऊन गेले, दुसरे त्यांचा मित्र. ती विमाने आता परदेशात दुसऱ्याच रंगात उडतात. त्यांवर मी दावा लावलेला नाही आणि माझ्या वारसानेही लावू नये. आयुष्य त्यातच जाईल.

दर नव्या वर्षाला त्यांचा फोन येतो. "वहिनी, तुम्हीही इकडे निघून या. तिकडे आता ठेवलंय काय?"

मी सांगते, "तुमचा कोट ठेवलाय."

खरेच आहे. चार सोनेरी पट्ट्यांचा गणवेशाचा कोट ते माझ्या दाराआडच्या खुंटीला विसरून गेले. त्याला आता कसर लागली आहे. तो कोट त्यांना द्यावा. पाठवण्याचा खर्च त्यांनी करावा.

कलम ३. छोट्या विमानाची व्यवस्था सांगण्याआधी ते कसे चालते ते लिहिणे भाग आहे, कारण ते कुठल्याही सरकारी कागदावर नाही.

उत्तरेकडचे शहर युद्धाच्या सुरुवातीपासून वेढ्यात आहे. रस्ता नाही. आमचे विमान तिथे औषधे, टपाल, दुधाची भुकटी आणि घरी परतणारी माणसे नेते; येताना आजारी माणसे, म्हातारी माणसे आणि अडलेल्या बायका आणते. पहिल्या हिवाळ्यात एकदा डोंगरावरून वेढा घालणाऱ्यांचे तोफगोळे विमानाच्या पुढ्यात सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकीट खिडकीच्या नंबरवर फोन आला. मीच उचलला. पुरुषाचा आवाज, बोलणे सावकाश.

"विमान तुमचं का?"

"हो."

"कोण असतं त्यात?"

मी सांगितले.

"सैनिक?"

"नाही."

"शब्द देता?"

"देते."

"मग रोज सकाळी मी फोन करीन, निघणार असाल तर सांगत जा. मी हो म्हटलं तर या. नाही म्हटलं तर येऊ नका."

तेव्हापासून रोज सकाळी तो फोन येतो आणि त्यावर दिवस ठरतो. आमच्या सरकारला हे माहीत आहे. माहीत नसल्यासारखे करणे त्यांना सोयीचे पडते. मी त्या गृहस्थाला नाव विचारले नाही, त्यानेही मला विचारले नाही. कधी तो ढगांबद्दल बोलतो. एकदा त्याला फार खोकला होता तेव्हा मी वाफ घ्यायला सांगितले. "इथं पाणी तापवायचीच मारामार आहे, बाई," तो म्हणाला. एवढीच आमची ओळख.

कलम ४. विमानतळाच्या फाटकावर लष्कराने बसवलेली संगमरवरी पाटी काढून टाकावी. ती जमीन कंपनीच्या भाडेपट्ट्यात येते, तेव्हा हा अधिकार माझा आहे. पाटीवर माझ्या मुलाचे नाव आहे आणि पुढे लिहिले आहे, "देशासाठी लढताना." तो लढत नव्हता. तो विमान उतरवत होता.

घडले ते असे. इथल्या लष्करी ठाण्याच्या कर्नलसाहेबांनी एकदा आमच्या विमानाच्या मालकोठीत खोकी चढवली. वर औषधे लिहिले होते. औषधाचे खोके एका माणसाला उचलते; ही दोघांना उचलेनात. मी विमानापाशी गेले आणि सगळी उतरवून घेतली. कर्नल म्हणाले, "बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?"

"माझ्याकडे तिकीट काढणाऱ्यांच्या," मी म्हटले.

मुलगा वैमानिकाच्या खिडकीतून बघत होता. खोकी गेल्यावर म्हणाला, "आई, घरी परतणाऱ्या अजून दोन बाळंतिणी बसतील आता." त्याला एवढेच सुचायचे, जागा किती झाली. तो लहानपणापासून तसाच होता.

कर्नलसाहेब पुढच्याच आठवड्यात रेडिओवर म्हणाले, वेढा कागदावरच आहे, आमची रसद आकाशातून व्यवस्थित पोहोचते आहे. असले काही आमच्या विमानातून गेलेले नव्हते. पण ऐकणाऱ्याला ते कसे कळावे? त्यानंतर थोड्याच दिवसांनी, फोनवर होकार आलेला असताना, उत्तरेच्या धावपट्टीवर उतरताना विमानाला गोळे लागले. मुलाच्या बाजूचा पत्रा फाटला. त्याने विमान उतरवले, थांबवले, दोन्ही इंजिने बंद केली आणि मान खाली घातली. माणसे उतरेपर्यंत मागे कोणालाच कळले नाही. प्रवासी सगळे जगले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. मी उचलला.

"कालचं आमच्याकडून झालं नाही," तो म्हणाला. "मी सांगितलेलं नव्हतं, एवढं मला माहीत आहे. रेडिओ इकडेही ऐकतात. विमानात काय होतं?"

"माणसं."

"आणि चालवणारा?"

"माझा मुलगा होता."

मग त्याने विचारले, "विमान दुरुस्त होईल?"

"होईल."

"झालं की सांगा."

झाल्यावर मी सांगितले, आणि विमान गेले. तिकडे माणसे थांबली होती. त्या दिवसांत मला काय वाटत होते असे लोक विचारतात. मला हाताला गार लागायचे. इतके आठवते.

पाटी उतरवल्यावर फोडू नये, दगड चांगला आहे. लिहिलेली बाजू खाली घालून कुठेही पायरीला वापरावा. कर्नलसाहेबांना मी काही ठेवलेले नाही.

कलम ५. हत्यारखोलीतली सर्व हत्यारे, लेथ आणि खोलीची किल्ली कंपनीच्या मिस्तरींना द्यावी. इंजिने तेच बघतात आणि फाटका पत्राही त्यांनीच बदलला. वैमानिकाची खुर्ची मात्र त्यांनी मला न दाखवता बदलली. माझी बँकेतली शिल्लक ते आणि इतर कामगार यांच्यात सारखी वाटावी.

कलम ६. फोनवर बोलणाऱ्या पलीकडच्या गृहस्थाला मी काही ठेवलेले नाही. वकील म्हणाले, "मग कलम कशाला?" अशासाठी, की मी त्याला माफ केले असे माझ्या मागे कोणी म्हणू नये, आणि केले नाही असेही म्हणू नये. तो खरे बोलला की खोटे, मला माहीत नाही. त्याने माझ्याबद्दल विचारले तर काय झाले ते सांगावे. त्याच्याशी आवाज चढवून बोलू नये.

कलम ७. कंपनी, तिचे सर्व शेअर, उरलेले विमान आणि उड्डाणाचा परवाना माझ्या सुनेला द्यावा, या अटीवर की उत्तरेचा वेढा उठेपर्यंत तिने ही सेवा

वरचे वाक्य इथे तुटले आहे, ते तसेच राहू द्यावे. "या अटीवर" पासून पुढचा मजकूर मी खोडला असून खोडाखोडीवर सही केली आहे. कारण असे.

हे लिहीत असताना सून उद्याची प्रवाशांची यादी घेऊन वर आली. मी तिला म्हटले, वाचून बघ, यात तुझेही आहे. तिने उभ्याउभ्या पहिल्यापासून वाचले. लग्नाच्या ओळीवर ती थांबली, मग पुढे वाचत गेली. इथपर्यंत आल्यावर म्हणाली, "आई, हे मला विचारून लिहिलंत का?"

मी म्हटले, "तुझ्याशिवाय आहे कोण?"

"म्हणजे दुसरं कोणी नाही म्हणून मी."

मी पेनाला टोपण घातले.

ती म्हणाली, "विमान दुरुस्त होऊन पहिल्यांदा गेलं ना, तेव्हा मी खाली खिडकीत बसून तिकिटं फाडत होते. मला कोणी घरी जा म्हटलं नाही."

"तू जाते म्हणाली नाहीस."

"तुम्ही इथं बसलेल्या. मी कशी जाणार?"

"मला वाटलं, तुला कामात बरं वाटतंय."

"मलाही तुमच्याबद्दल तसंच वाटलं," ती म्हणाली.

मग ती समोरच्या खुर्चीत बसली. मुलगा गेल्यापासूनच्या तीन वर्षांत ती या खोलीत कधी बसलेली नव्हती. कागद द्यायची आणि जायची. आम्ही एकाच घरात राहतो, एकाच गाडीतून येतो. बोलणे यादीचे, इंधनाचे, भाजी काय करायची याचे. त्याचे नाव आमच्यात निघत नाही. भांडण म्हणून नव्हे. कोणी सुरुवात करायची ते ठरले नाही.

मी विचारले, "मग हे कसं लिहू?"

"अट खोडा."

मी खोडली. आता हे कलम असे वाचावे: कंपनी, शेअर, विमान आणि परवाना माझ्या सुनेला बिनशर्त द्यावा. तिने विमान चालवावे, विकावे किंवा बंद करून ठेवावे. बंद केल्यास तिला कोणी बोल लावू नये. मी लावलेला नाही. चालवणार असेल तर विमान प्रवाशांचेच राहील, एवढे मी सांगते, आणि तेही ती माझ्याआधी म्हणाली.

कलम ८. हे कलम माझ्या हयातीतले आहे. वकिलांच्या मते ते मृत्युपत्रात बसत नाही. तरी राहू द्यावे.

सुनेने यादी माझ्यापुढे सरकवली. "उद्या आजारी कोणी नाही. टपाल आहे आणि कापडाचे दोन व्यापारी आहेत. ते परवा जातील."

"का?"

"उद्या विमान नको, आई. सकाळी फोन आला की येत नाही म्हणून सांगा. आपण दोघी घरी राहू."

विमान रद्द झाले की खालच्या फळ्यावर कारण लिहावे लागते. आम्ही आजवर 'हवामान' लिहीत आलो. गोळीबार असला तरी हवामान, इंधन नसले तरी हवामान. मी सवयीने तेच म्हणाले. ती नको म्हणाली आणि खडू घेऊन खाली गेली. साक्षीदार यायला वेळ होता, म्हणून कठड्याला धरून मीही उतरले.

तिने लिहिले होते: "उद्याचे उड्डाण रद्द. घरात मृत्यू झाला आहे."

टपाल मास्तर तेवढ्यात दारातून आत आले. त्यांनी फळा वाचला, टोपी काढली आणि विचारले, "कोण गेलं, बाई?"

मी त्यांना माझ्या मुलाचे नाव सांगितले.

वरील सर्व मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. वाचताना दोनदा थांबले, ते दुखण्यामुळे नव्हे. त्यांच्यासमोर मी सही केली आणि माझ्या व एकमेकांच्या समक्ष त्यांनी केली. सुनेला आणि मिस्तरींना यातून लाभ मिळत असल्याने त्यांना साक्षीला घेतलेले नाही.

सही: मालकीण, प्रवासी विमान कंपनी

साक्षीदार:
१. टपाल मास्तर, विमानतळ टपाल कचेरी (सही)
२. मला तपासणारे डॉक्टर (सही)

ठिकाण: विमानतळाची जुनी इमारत, पहिला मजला
दिनांक: १४ मार्च, गुरुवार, युद्धाचे सहावे वर्ष