यंदापासून कानबाई सेपरेट

जळगाव,
आषाढ अमावास्या (दिवे घासून झाले, वाती वळायच्या राहिल्यात)

तीर्थस्वरूप नवलभाऊंना धाकट्या ईश्वरचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, हेमलतावहिनींचं पित्त आणि तुमच्या चिरंजीव बादलचा स्वभाव या तिघांनाही धुळ्याच्या हवेत उतार पडला असेल, अशी आशा करतो. इकडे शीतल बरी आहे. मीही बरा आहे असं लोक म्हणतात, आणि लोकांचा हिरमोड करायची मला सवय नाही.

सर्वप्रथम एक अत्यंत गंभीर तक्रार नोंदवतो. विषय: दाराची बेल. आपण वरचा मजला आणि खालचा मजला असे झालो तेव्हा तुम्ही एकाच दुकानातून, एकाच वेळी, एकाच आवाजाच्या दोन बेल आणल्यात. दोन्ही चिमणीसारख्या चिवचिवतात. वायरमन म्हणाला होता, काळजी नको, दोन्हीचं कनेक्शन सेपरेट आहे. कनेक्शन सेपरेट आहे हो, पण चिमणी एकच. तुम्ही धुळ्याला बादलच्या फ्लॅटवर राहायला गेलात त्याला दुसरं वर्ष चालू आहे, वरच्या दाराला कुलूप आहे, पण बेल जिवंत आहे. कुरियरवाला, गॅसवाला, वर्गणीवाले, सगळे तुमचंच बटण दाबतात (ते अजून नवं दिसतं, आमचं पिवळं पडलंय). रिकाम्या घरात ती चिमणी ओरडते आणि आवाज जिन्यावरून खाली येतो. शीतल हातातलं काम टाकून म्हणते, "अहो, वर कुणीतरी आलं." मी दर वेळी उठतो. कुणी आलेलं नसतं. या गैरसोयीची आपण योग्य ती दखल घ्यावी.

आता मुद्द्याला येतो. म्हणजे येणार होतो, पण आधी एक शब्द वाटेत आडवा पडलाय, तो ओलांडून येतो. परवा तुमचा मोबाइलवर मेसेज आला: 'यंदापासून आमची कानबाई सेपरेट. कळावे.' कळलं. श्रावणातली आपली देवी आता दोन घरांत दोनदा बसणार. मात्र उत्तर मोबाइलवर देता येईना. तिथं मी चार ओळी लिहिल्या की तुम्ही अंगठा पाठवता, आणि फोन केला तर 'हूं' म्हणता. म्हणून पत्र. पत्राला अंगठा दाखवता येत नाही.

तर तो शब्द. आपल्या वडिलांच्या, दादांच्या काळी असं काही घडलं की गावातली माणसं म्हणायची, "फलाणा येगळा निंघना." त्यात निघणं होतं. कुणी निघालं म्हणजे कुणीतरी काढलं असणार, म्हणजे कुणाचं तरी चुकलं असणार. मग चार म्हातारे ओट्यावर बसून कुणाचं चुकलं ते ठरवायचे, तीन दिवस भांडायचे आणि कधीकधी निघालेल्याला परतही आणायचे. 'विभक्त' म्हटलं तर कोर्टाचा वास येतो. 'वेगळे झाले' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या भुवया वर जातात. पण 'सेपरेट' म्हणा! कुणाचीच चूक नाही, कुणी कुणाला काढलं नाही, कुणी रडलं नाही. भिंतीवर प्लग बसवावा तसा शब्द. बाजारात कुणी मला विचारतं, "काय ईश्वरभाऊ, मोठे भाऊ वेगळे निघाले म्हणे?" मी म्हणतो, "छे हो, सेपरेट राहतात." समोरचा लगेच खूश. "हां हां, ते चांगलं असतं." मुलींच्या बापांनी तर या शब्दाला पात्रतेच्या यादीत बसवलंय: मुलगा इंजिनिअर, निर्व्यसनी, सेपरेट राहतो. (मुलाचे आईबाप कुठे राहतात हे त्या कागदावर नसतं.)

आपल्या घरात हा शब्द नळातून आला. आठवत असेल. तीन दिवसांआड पाणी, एकच नळ, एकच मोटार, आणि आधी वरची टाकी भरायची की खालची यावरून वहिनी आणि शीतल यांच्यात जे व्हायचं त्याला मी भांडण म्हणत नाही, कारण दोघीही एकमेकींशी बोलत नव्हत्या, दोघीही बादलीशी बोलत होत्या. मग एके दिवशी वहिनी फार शांतपणे म्हणाल्या, "आपला नळ सेपरेट घेऊन टाकू." सगळ्यांना किती बरं वाटलं! शीतलने त्या दिवशी शिरा केला. मग मीटर सेपरेट झालं, मग बेल, मग पेपर (एकच पेपर, दोन प्रती, बातम्या तितक्याच वाईट), मग कचऱ्याची बादली. वाळवी लाकूड खाते तसा हा शब्द घर खात गेला आणि आवाज अजिबात झाला नाही. हा शब्द शहाण्यासारखा वापरणारा एकच माणूस मला माहीत आहे: हायवेवरच्या ढाब्यावरचा वेटर. शेवभाजी मागवली की तो विचारतो, "शेव टाकून आणू की सेपरेट?" सेपरेट आणली तर कुरकुरीत राहते. पण शेवटी ती रश्श्यात घालूनच खातो ना आपण? शेव सेपरेट ठेवून उपाशी उठलेलं गिऱ्हाईक मी अजून पाहिलं नाही.

असो. आता गेल्या वर्षीच्या कानबाईचं सांगतो, जे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. तुम्ही कळवलं होतं, बादलला सुट्टी नाही, येणं जमणार नाही. ठीक. नागपंचमीच्या आधी मी रोटाचे गहू मोजायला बसलो. आपल्या घरची रीत तुम्हाला काय सांगायची, पण राग आला की माणूस रीती विसरतो म्हणून सांगतो: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा शेर गहू, आणि त्यांच्याच पिठाच्या जाड पोळ्या म्हणजे रोट. नाव घ्यायचं आणि माप टाकायचं. दादा मोजायचे, मग तुम्ही, आणि तुम्ही नाहीत म्हणून पहिल्यांदाच मी. पितळी शेर हातात घेतला आणि लहानपणापासून कानात बसलेली ती चाल तोंडातून आपोआप निघाली. नवलच्या नावानं. ईश्वरच्या नावानं. बादलच्या नावानं. बादलच्या लेकाच्या नावानं. चार मापं पडली. शीतल दारात उभी होती. म्हणाली, "हे खाणार कोण?"

भाऊ, देवीच्या नावानं पडलेलं माप पुन्हा पोत्यात जात नाही. रोट घराबाहेर जात नाहीत. भाऊबंदांखेरीज कुणाला देता येत नाहीत. आणि पौर्णिमेच्या आत संपवावे लागतात. पाच शेर गहू, खाणारी तोंडं दोन, त्यातल्या एकाला डॉक्टरांनी पोळी निम्मी करायला सांगितलेली (ते तोंड मी). मुलगी पुण्यात नोकरीला. तिला डबा पाठवावा तर रोट घराबाहेर निघाले म्हणून कानबाई कोपणार, आणि न पाठवावा तर आम्ही मरणार.

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ घातली, केळीचे खांब बांधले. दर वर्षी वहिनी डोळे काढायच्या, त्या वेळी शीतलने काढले. देवी जरा तिरळी झाली, पण बघत होती आमच्याचकडे. सोमवारी मेहरूणच्या तलावावर नेऊन बोळवण केली. आणि मग आम्ही दोघं पिठाच्या डब्यासमोर बसलो. पहिले दोन दिवस भक्तीनं खाल्लं: रोट आणि गंगाफळ भोपळ्याची भाजी, रोट आणि खीर. तिसऱ्या दिवसापासून जिद्दीनं. रोट दुधात, रोट चहात, रोट कुस्करून फोडणीचे, रोटाचे लाडू. शीतल रात्री झोपेत पण चावत होती. शेजारचे मोतीलालशेठ तुपाचा वास घेऊन कुंपणापाशी आले. "ईश्वरभाऊ, इतकं करताय, दोन-चार इकडे पण येऊ द्या की!" मी म्हटलं, "शेठ, चालत नाही." ते म्हणाले, "चाळीस वर्षं शेजारी आहे मी." खरं आहे. चाळीस वर्षं एका कुंपणाला लागून राहणाऱ्याला एक तुकडा देता येत नव्हता, आणि ज्यांना देता येत होता ते दोन तासांच्या वाटेवर होते.

त्यातच दोंडाईच्याहून कामिनीअक्का आली. तिला सपाटून भूक, घरात रोटांचे डोंगर, आणि माहेरचे रोट लग्न झालेल्या लेकीला चालत नाहीत. तिनं बेकरीतून खारी आणवली आणि आमच्यासमोर बसून चहात बुडवून खाल्ली. मी तोंड पाडून बसलो होतो. तर म्हणते, "माले ते तुम्हीन हयद लागताच येगळी काढी दिन्ही. तवय कोनी रडनं नही. आते काबरं रडी राहिना?" हळद लागली त्या दिवशीच आपण तिला वेगळं काढलं होतं, हे खरं. खारीचे तुकडे पडले होते ते वेचले.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी मी हरलो. शीतलला सांगितलं, ऑफिसचं काम आहे. डब्यात रोट घातले, वर गंगाफळाची भाजी, पिशवीत लपवलं आणि धुळ्याची बस धरली. मनाशी म्हटलं, रोट आपल्याच घरात जातायत, कानबाईला समजेल, ती काही नळ नाही. एरंडोलपर्यंत मी फार आनंदात होतो. त्यापुढे विचार करू लागलो की दार उघडल्यावर काय म्हणायचं. 'सहज आलो' म्हणावं तर डबा दिसणार. 'रोट आणलेत' म्हणावं तर तुम्ही म्हणणार, 'आमच्या नावाचं मोजायला कुणी सांगितलं?' आणि हे तुम्ही म्हणालात तर मग बोलायला काहीच उरत नाही. म्हणून पारोळ्याला उतरलो. स्टँडवरच्या बाकड्यावर डबा उघडला आणि तुमच्या वाट्याचे रोट मी खाल्ले. भाजी सांडली होती. परतीच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "काका, पोट दुखतंय का?" मी हो म्हटलं. उरलेलं पीठ आम्ही पौर्णिमेच्या संध्याकाळी संपवलं. त्यानंतर शीतलने महिनाभर फक्त ज्वारी केली.

आता तुमच्या सेपरेट कानबाईचं. माझी हरकत नाही. नळ झाला, मीटर झालं, देवीनं काय घोडं मारलंय? फक्त एक रीत तुमच्या कानावर घालतो, कारण दादा तुमच्यापेक्षा माझ्याशी जास्त बोलायचे (मी घरी असायचो, तुम्ही तालमीत). नवी कानबाई मांडायची तर नवा नारळ जुन्या नारळाच्या भेटीला आणावा लागतो. जुन्या कानबाईपुढे एक रात्र ठेवायचा, सगळ्या घरानं मिळून रोट खायचे, आणि मग जुनीनं निरोप दिला की नवा नारळ घेऊन आपल्या घरी जायचं. थोडक्यात, सेपरेट व्हायलाही सहकुटुंब यावं लागतं. त्याला माझा इलाज नाही, रीतच तशी. नागपंचमीनंतरचा रविवार. वहिनींना सांगा, डोळे त्यांनीच काढायचे आहेत. शीतलने काढले की देवी तिरळी होते. पाणी शनिवारी येणार आहे. वरची टाकी आधी भरेन.

वडीलधाऱ्यांपुढे जास्त लिहू नये, हे मला पाच पानांनंतर आठवलं. लहान तोंडी घेतलेला हा मोठा घास सांभाळून घ्यावा.

तुमचा धाकटा,
ईश्वर

ता. क. शीतलने पत्र वाचलं. म्हणते, पारोळ्याचं काढून टाका, लाज वाटते. आणि तिनं स्वतः खाली लिहायला सांगितलंय की नळावरून जे बोलली ते बादलीला बोलली होती.

ता. क. २. अक्काला फोन करून नारळाच्या भेटीची ती रीत विचारून घेतली. ती म्हणाली अशी कुठलीच रीत नाही, दादांनी असं कधी सांगितलं नाही आणि मी लहानपणापासून लबाड आहे. तेव्हा ती रीत मी आज दुपारी चारच्या सुमारास केली असं समजावं. कुठलीही रीत कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा केलेलीच असते. तुम्हाला नारळ घेऊन यायचं नसेल तर नुसते या.

ता. क. ३. हे सगळ्यात शेवटी लिहितोय, पण केलं सगळ्यात आधी, सकाळी. दिवे घासायच्या अगोदर गहू मोजले. या खेपेला तोंडातून आपोआप नाही निघालं, समजून उमजून नावं घेतली. चौघांची चार मापं टाकली. मग तुमचं नाव पुन्हा एकदा घेतलं आणि पाचवं माप टाकलं. पारोळ्याच्या स्टँडवर तुमच्या वाट्याचं मी खाल्लं होतं, ते परत केलं. शीतल दारात होती. या वेळी तिनं परात पुढे सरकवली.