टेक्निशियनशिवाय गिझर

४ डिसेंबर, सोमवार. सकाळी.
गिझरमधून कोमट पाणी येतंय. बायकोच्या मते कोमट नाही, गारच. गिझरमधून आलंय म्हणून मला कोमट वाटतं म्हणे. तिने टेक्निशियन बोलवा म्हटलं. मी फक्त हसलो.
मी गिझर कंपनीच्या हेल्पलाइनवर बसतो. आज नाही, अकरा वर्षं बसतोय. आमचाच टेक्निशियन माझ्याच घरी आला तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या मजल्याला कळेल. आणि तेही नेमकं आत्ता. या महिन्यात साहेब नव्या भरतीसाठी ट्रेनर निवडणार आहेत. माझा दावा पक्का आहे. टेक्निशियन न पाठवता फोनवरच तक्रार मिटवणाऱ्यांत माझा पहिला नंबर. स्वतःच्या घरची तक्रार मिटवता आली नाही असं कळलं की सगळं मुसळ केरात.
संकल्प: रविवारपर्यंत गिझर मी स्वतः दुरुस्त करणार.

५ डिसेंबर, मंगळवार.
थर्मोस्टॅटचं बटण पूर्ण उजवीकडे फिरवलं. फोनवर मी लोकांना हेच सांगतो. लोक थँक्यू म्हणून फोन ठेवतात, म्हणजे उपाय लागू पडतोच.
मुलगी आंघोळीला गेली आणि किंचाळत बाहेर आली. आधी उकळतं पाणी, पाठोपाठ बर्फ. तिला समजावलं की सरासरी काढली तर पाणी अगदी योग्य तापमानाचं आहे. ती कॉलेजात सायन्सला आहे, पण हे तिला पटलं नाही.

६ डिसेंबर, बुधवार.
गिझर आता आवाज करतो. आधी गुडगुड, मग टाळ्या वाजवल्यासारखा. टाकीत क्षार साचलेत. निदान क्षणात केलं. टाकी रिकामी करून धुवायची, विषय संपला.
बायको म्हणाली, आधी कधी केलंय का. मी म्हटलं, शेकडो वेळा सांगितलंय.

७ डिसेंबर, गुरुवार. सुट्टी टाकली.
खालचा व्हॉल्व्ह उघडला. पाणी येईना. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवल्याशिवाय टाकीत हवा शिरत नाही, हे नंतर आठवलं. तोवर व्हॉल्व्ह आणखी सैल केला. तो हातात आला.
टाकी पूर्ण रिकामी झाली, हे मुख्य. बाथरूम, पॅसेज, बेडरूम या क्रमाने. बायको पलंगावर उभी राहून काहीतरी बोलत होती. पाण्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. देवाची कृपा.

९ डिसेंबर, शनिवार.
व्हॉल्व्हला टेप गुंडाळून परत बसवला. थेंब थेंब गळतो, पण त्याखाली बादली ठेवली की गळती आणि बादली भरणं ही दोन्ही कामं एकदम होतात.
वेळ वाचवायला एक युक्ती केली. टाकी भरत असतानाच स्विच लावून ठेवला, म्हणजे भरेपर्यंत पाणी तापलेलं असेल. जरा वेळाने जळका वास. मग कळलं की पाणी आत येण्याचा व्हॉल्व्ह मी बंदच ठेवला होता. सुरक्षेसाठी.
टाकीत पाणी नसताना स्विच लावू नये हे मी दिवसातून वीसदा सांगतो. पण ती सूचना सर्वसामान्य ग्राहकांसाठी आहे.

१० डिसेंबर, रविवार.
गिझर दुरुस्त होण्याच्या बेतात आहे. त्याचा दिवाही लागत नाही, म्हणजे वीजबचत सुरू झाली.
आंघोळीचं पाणी शेगडीवर. मुलगी कॉलेजच्या बॅगेत टॉवेल घेऊन जाते, मैत्रिणीकडे उरकते. बायकोने माझ्याशी बोलणं कमी केलंय. कामात व्यत्यय नको म्हणून असेल.
उद्या सासरेबुवा येणार. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, महिनाभर इथेच राहतील. डॉक्टरांनी रोज गरम पाण्याने आंघोळ सांगितली आहे. बायको म्हणाली, बाबांचे हाल झाले तर मी काय करीन ते सांगता येत नाही. तिला सगळं सांगता येतं, म्हणून जरा काळजी वाटली.

११ डिसेंबर, सोमवार.
सासरेबुवा आले. निवृत्त हेडमास्तर. काठी टेकत थेट बाथरूममध्ये गेले. गिझर किती दिवस बंद आहे विचारलं. मी म्हटलं, बंद नाही, सर्व्हिसिंगमध्ये आहे. दोन दिवसांचं काम. त्यांनी मान हलवली. मग चष्मा लावून गिझरवरचं स्टिकर बराच वेळ वाचत उभे राहिले. या वयातही वाचनाची आवड दांडगी आहे.
त्यांच्यासाठी बायको दोनदा उकळत्या पाण्याचं भांडं उचलून बाथरूममध्ये घेऊन गेली. मी मदतीला पुढे झालो तर म्हणाली, तुम्ही फक्त बाजूला व्हा.

१२ डिसेंबर, मंगळवार.
जळक्या कॉइलच्या जागी नवी कॉइल आणली. बसवली. बसवल्यावर एक स्क्रू उरला. कंपन्या जास्तीचे देतात.
स्विच लावताच अख्ख्या घराची वीज गेली. परत लावली, परत गेली. म्हणजे कॉइलमध्ये दम आहे.
सासरेबुवा अंधारात शांत बसून होते. त्या गप्प बसण्यात मला कौतुक दिसलं.

१४ डिसेंबर, गुरुवार. दुपारी, ऑफिसात.
आज भलतंच झालं. लिहून काढलं की बरं वाटेल.
जेवणानंतर कॉल आला. स्क्रीनवर सासरेबुवांचा नंबर. हेल्पलाइनवर बसलेल्या सगळ्या जनतेतून फोन माझ्याच टेबलावर यावा. मी ताबडतोब आवाज बदलला. घोगरा, जड, पोटातून काढलेला. मला ही कला उपजतच आहे.
त्यांनी वर्गात धडा सांगावा तशी तक्रार सांगितली. घरात गिझर आहे. तो आधी थोडा बिघडला होता. आता जावई दुरुस्त करतायत, त्यामुळे पूर्ण बिघडलाय. माणूस लाख आहे, फक्त त्याच्या हातात पाना देऊ नये. तो कामावर असताना गुपचूप कोणाला तरी पाठवता येईल का.
मी कंपनीच्या छापील कार्डावरचे प्रश्न विचारले. दिवा लागतो का. ते म्हणाले, दिवा जावयांच्या ड्रॉवरमध्ये आहे. पाणी गळतं का. म्हणाले, बादली भरली की मुलगी ओतून येते. मी धीर दिला की काळजीचं कारण नाही, दुरुस्ती करणारी व्यक्ती अनुभवी वाटते. त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. मी म्हटलं, वर्णनावरून. ते म्हणाले, अस्सं.
टेक्निशियन नको, दोन दिवस थांबा, असं सांगून मी तक्रार मिटवली. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्हाला सर्दी झालीय का. गरम पाणी पीत जा म्हणाले. घरी असेल तर.
मी हेडफोन काढला आणि 'फोनवरच निकाली' हे बटण दाबलं. कोणी ओळखलं नाही. माझ्या नावावर आणखी एक.

रात्री जेवताना सासरेबुवांनी फोनचा विषयही काढला नाही. मला मात्र आग्रह करून वाढलं.

१६ डिसेंबर, शनिवार.
आनंदाची बातमी. ट्रेनरच्या निवडीसाठी प्रत्येकाचा एक रेकॉर्ड केलेला कॉल साहेब ऐकणार. कॉल कॉम्प्युटर निवडतो. माझा गुरुवारचा निवडला गेला.
आधी घाबरलो. मग शांतपणे विचार केला. ग्राहक चिडलेला होता, मी एकदाही चिडलो नाही. टेक्निशियनचा खर्च वाचवला. शेवटी ग्राहकाने माझ्या तब्येतीची चौकशी केली. असा कॉल शोधून सापडणार नाही. नवा शर्ट इस्त्रीला टाकला.

१८ डिसेंबर, सोमवार.
ट्रेनर म्हणून शेजारच्या टेबलावरच्या बाईंची निवड झाली. आपलीच माणसं. साहेब मला म्हणाले, बुधवारी पहिल्या बॅचला तुम्हीही बसायचं. कोणत्या अर्थाने ते बोलले नाहीत. सहट्रेनर म्हणून असावं.
घरी आलो तर बाथरूममध्ये वाफ. बायकोने कोपऱ्यावरच्या दुकानातून माणूस बोलावून गिझर करून घेतला होता. मी रागावणार होतो. तेवढ्यात सासरेबुवा आंघोळ करून आले, ताजेतवाने, काठी न टेकता दोन पावलं चाललेसुद्धा. मग रागावलो नाही. अवघड काम माझं झालंच होतं, त्या माणसाने फक्त शेवटचा हात फिरवला.

२० डिसेंबर, बुधवार. संध्याकाळी.
ट्रेनिंग झालं. मला मागच्या रांगेत खुर्ची होती. सगळी नवी पोरं, बाई सोडल्या तर मला ओळखणारं कोणी नाही.
बाईंनी पहिल्याच तासाला, नाव न सांगता, एक कॉल ऐकवला. माझा. विषय होता, कॉल कसा घेऊ नये. वर्ग खदाखदा हसत होता. मीही हसलो, उगाच डोळ्यांवर यायला नको.
कॉल संपला असं मला वाटलं. पण सासरेबुवांनी त्या दिवशी फोन ठेवलाच नव्हता, मीही लाइन न तोडता नुसतं बटण दाबलं होतं, आणि रेकॉर्डिंग चालूच होतं. पुढे त्यांचा आवाज आला, लांबून. ते माझ्या बायकोला सांगत होते की फोन आपल्या जावयांनीच उचलला, बिचारा घसा खरवडून बोलत होता. मी ओळख दाखवली नाही, नोकरीचा प्रश्न आहे त्याचा, असंही म्हणाले. मग बायकोचं हसणं. किती तरी वेळ हसत होती. इतकी हसलेली मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.
बाईंनी वर्गाला विचारलं, या कर्मचाऱ्याचं काय चुकलं. कोणी हात वर करेना. मी विचार केला, गप्प बसलो तर संशय येईल. उलट आपणच उत्तर दिलं तर कोणाच्या मनातही येणार नाही. हात वर केला, उभा राहिलो. माझा आवाज कोणी ओळखू नये म्हणून घोगरा काढला, जड, पोटातून.
पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत सगळा वर्ग मागे वळला. टेपवरही तोच आवाज होता, हे माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.