बेकरीच्या दारावरचा हवेचा पडदा

ती. वन्सं यांना सविनय नमस्कार.

इकडे आम्ही मायलेक ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल असं धरून पुढचं लिहिते. नसाल तर आधी गोळी घ्या आणि मग वाचा, कारण पत्र लांबणार आहे. तुमच्या डोळ्याला आता कसं वाटतं? भावोजींचा खोकला गेला का? (गेला नसेल तर त्यांना सांगा, इकडे सगळ्यांनी चौकशी केली आहे. सगळ्यांनी म्हणजे मी.) ह्यांचं स्टूल तुम्ही आठवण म्हणून नेलंत ते नीट पोचलं, आणि त्यावर आता फुलांची कुंडी ठेवली आहे, हे मागच्या पत्रात वाचलं. डुगडुगतं असंही लिहिलंत. ते डुगडुगतंच. मला इथे काही कमी नाही आणि तुमच्याकडे काही मागायचंही नाही. फक्त दुकानाच्या दारावर आपण एक यंत्र बसवलं, त्याची हकिगत दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून अळणी कळावी, म्हणून लिहिते.

ह्यांना जाऊन सात महिने झाले. ते दुकानात काय करत असत हे तुम्ही पाहिलेलं आहे. दाराच्या दोन कवाडांपैकी एक कायमचं बंद, त्या बंद कवाडाला आतून पाठ टेकून स्टुलावर हे, खांद्यावर नॅपकिन, आणि उघड्या बाजूने मान वळवून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "हा बेकरीचा मालक आहे की राखणदार? दिवसभर दारात माश्या मारत बसतो." मी काउंटरमागे वजन करायचं, बांधून द्यायचं आणि "सुटे आहेत का" एवढं विचारायचं, सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकाशी माझं याहून जास्त बोलणं झालं असेल तर मला आठवत नाही. ह्यांचं म्हणणं असे की जे दार ढकलावं लागतं ते गिऱ्हाइकाला नको म्हणतं, म्हणून दिवसा दुकानाचं दार कधी लागलं नाही. हे नुसते बसलेले असतात असं मलाही वाटायचं. पण वन्सं, मी आता लेखी कबूल करते की ते काम करत होते. त्यांचा नॅपकिन बोलता बोलता सारखा हलत असे, आणि तो हलायचा थांबला तेव्हा या उन्हाळ्यात पहिल्यांदा आमच्या दुकानात माश्या आल्या. गिऱ्हाइकं कमी झाली ती तर आधीच.

माश्यांच्या मागोमाग आरोग्य खात्याचे निरीक्षक आले. सज्जन माणूस, पण फार बारकाईने बघणारा. त्यांनी केकच्या ताटांपुढे उभं राहून पेनाच्या टोकाने माश्या मोजल्या आणि वहीत "अकरा" असं लिहिलं. त्यातले दोन मनुके होते, पण मी बोलले नाही. पंधरा दिवसांची मुदत दिली. एक तर बंद दार बसवा, नाहीतर दारावर तो हवेचा पडदा बसवा. म्हणजे एक लांबट पंखा, जो दाराच्या वरून खाली असा जोराचा वारा सोडतो की माणूस आत येतो आणि माशी येत नाही. (माणूस आणि माशी यांच्यातला फरक त्याला कसा कळतो, हे मी विचारलं नाही.) यातलं काहीच झालं नाही तर विक्री बंद.

आपल्या चिरंजिवांचं मत काचेच्या दाराला होतं. ऑफिसातून त्याचं माहितीपत्रकही घेऊन आला. गुळगुळीत कागद, त्यावर एक काचेचं दार आणि दारामागे हसणारी बाई. मी ते चित्र बराच वेळ पाहिलं. ती बाई हसू शकते, मला तेही पटकन जमत नाही. बोलणारा माणूस गेला, त्यात दारही लागलं, तर काचेमागे गप्प बसलेल्या बाईकडे पाव घ्यायला कोण येणार? महिन्या-दोन महिन्यांत दुकान आपोआप मिटलं असतं, निरीक्षकांना दुसरी फेरीही मारावी लागली नसती. हे सगळं मी चिरंजिवांना सांगितलं नाही. मी फक्त "नको" म्हटलं. तो म्हणाला, "आई, पंधराच दिवस आहेत. तुझं 'नको' दारावर टांगून माश्या थांबणार नाहीत."

म्हणून दुसऱ्या दिवशी एकटीच पंख्यांच्या दुकानात गेले. तिथे एक टायवाला विक्रेता होता. त्याने तीन प्रश्न विचारले: दाराची रुंदी किती, उंची किती, वर्दळ किती. पहिल्या दोन्हींची उत्तरं मी कागदावर लिहून नेली होती, पाच फूट आणि सात फूट. तिसऱ्याला मी म्हटलं, "पूर्वी खूप होती." त्याने वहीत "मध्यम" असं लिहिलं. मग चार यंत्रं दाखवली. एक होतं आमच्या दारापेक्षा आखूड (माश्या उरलेल्या जागेतून येतील, त्या काही रांग लावत नाहीत), एक इतकं जोरदार की सुरू करताच त्याचा टाय खांद्यावरून पाठीमागे गेला आणि त्याला आपला टाय कुठे आहे हे थोडा वेळ कळेना. तिसऱ्याचा वारा गुडघ्यापर्यंत येऊन थांबत होता. चौथं बरोबर पाच फुटांचं, वारा थेट जमिनीपर्यंत. "मॅडम, हा अदृश्य दरवाजा आहे," तो म्हणाला. न दिसणारी वस्तू विकत घेताना माणसाने जपून असावं, म्हणून मी विचारलं, आवाज किती करतं? "अजिबात नाही," असं तो ओरडून म्हणाला. मी तेच घेतलं.

बसवायला वायरमन आला. हा गृहस्थ कोणत्याही प्रश्नाला "होऊन जाईल" एवढंच उत्तर देतो आणि चहा मागतो. भिंतीला भोकं पाडताना तिचे जुने रंग एकामागून एक बाहेर आले, निळा, पिवळा आणि त्याखाली हिरवा, जो आपल्या दुकानाला कधी होता हे मलाही आठवेना. यंत्र सरळ बसलं की नाही ते बघायला त्याने अर्धी भरलेली पाण्याची बाटली वर आडवी धरली, पाण्याकडे बघितलं, मग उरलेलं पाणी पिऊन टाकलं. चिरंजीव खालून यंत्राला हात देत होता. ("मला हे पटलेलं नाही," असं तो दोनदा म्हणाला, पण हात सोडला नाही.) सकाळी दहाला सगळं झालं. त्याच वेळी आपले निवृत्त मास्तर रोजच्यासारखे पाव घ्यायला आत आले होते. वायरमनने बटण दाबलं.

वन्सं, चूक माझीच. मी दार मोजलं, पण त्यातलं उघडं किती असतं ते मोजलं नाही. कागदावर आमचं दार पाच फूट, व्यवहारात अडीच. उघड्या बाजूचा वारा शहाण्यासारखा खाली गेला. बंद कवाडावरच्या वाऱ्याला बाहेर जायला वाटच नव्हती, तेव्हा तो कवाडावरून घसरत जमिनीवर आला आणि सगळाच्या सगळा दुकानात शिरला. कागदी पिशव्या भट्टीच्या दिशेने निघून गेल्या. बटरपेपर छताला चिकटला. केकवर चाळायला काढून ठेवलेली पिठीसाखर जी उठली, ती अख्खी मास्तरांवर बसली. वायरमनने बटण बंद करेपर्यंत मास्तर डोक्यापासून चपलांपर्यंत पांढरे झाले होते. चाळीस वर्षं फळ्यासमोर काढलेला माणूस, त्यांनी शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, "जुने दिवस आठवले." मग पाव घेऊन गेले. पैसे द्यायचे राहिले, पण ते मागायची आमची तोंडं नव्हती.

वायरमन म्हणाला, "दुसरं कवाड उघडा, होऊन जाईल."

बोलायला सोपं. ते कवाड ह्यांनी स्टूल लावल्यापासून, म्हणजे सव्वीस वर्षं, कुणी उघडलेलं नव्हतं. स्टूल तुमच्याकडे गेलं तरी आम्ही दोघंही त्या बाजूने जाताना वळसा घालून जातो, हे मला तेव्हाच पहिल्यांदा ध्यानात आलं. मग चिरंजीव आत गेला, तेलाची बाटली घेऊन आला आणि उकिडवा बसून खालच्या कडीत तेल सोडत राहिला. रंगाचे थर बसून ती कडी चौकटीशी एकजीव झाली होती. अर्ध्या तासाने सुटली. कवाड बाहेरच्या बाजूला उघडलं आणि दुकानात एवढा उजेड आला की ताटांवरची धूळ मला दिसली. (पुसली.) त्या कवाडावर, बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीला, रंग पार उडून लाकूड गुळगुळीत झालं आहे. आता ते रस्त्यावरून येणाऱ्याला सगळ्यात आधी दिसतं. वायरमन म्हणाला, "तेवढ्या जागेला रंग मारून घ्या." चिरंजीव म्हणाला, "नको." एवढंच. हा गुण त्याला माझ्याकडून मिळाला असावा.

आता यंत्र छान चालतं. माश्या येत नाहीत. पण विक्रेत्याने एक गोष्ट सांगितली नव्हती, की उन्हाळ्यात भर रस्त्यावर जिथे वरून गार वारा पडतो तिथे माणसं उभी राहतात. पहिल्या दिवशी मास्तर राहिले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिवणकामवाल्या ताई केस धुवून थेट आमच्या दारात आल्या, वाळेपर्यंत थांबल्या आणि जाताना अर्धा डझन टोस्ट घेऊन गेल्या. पोस्टमननेही एकदा तिथे उभं राहून टपाल लावायला घेतलं आणि ते उडालं, त्या दिवशी आमच्या अख्ख्या रस्त्याने एकमेकांची बरीच पत्रं वाचली. खरं गिऱ्हाईक आत यायला बघतं आणि दारात पाच माणसं. मी पाटी लावली, "दारात उभे राहू नये". मास्तर ती वाचून म्हणाले, "अक्षर सुरेख आहे," आणि तिच्याखाली उभे राहिले. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून चिरंजिवाने शेवटी त्यांना खुर्ची आणून दिली. दारातली फरशी ह्यांच्या स्टुलाच्या कोपऱ्यात खचली आहे, खुर्ची डुगडुगायला लागली, तेव्हा त्याने काचेच्या दाराचं माहितीपत्रक घडी घालून तिच्या पायाखाली सरकवलं.

त्यामुळे मला काउंटर सोडून दारात यावं लागतं. नुसतं "सरका" म्हणता येत नाही, आधी गुडघ्याची चौकशी करावी लागते, मग ताईंच्या सुनेची, मग त्या सुनेच्या नोकरीची. यंत्र अजिबात आवाज करत नसल्यामुळे हे सगळं ओरडून विचारावं लागतं. ज्या बाईचा आवाज सव्वीस वर्षं भट्टीपर्यंत पोचला नाही, तिचं "पाव ताजा आहे" आता रस्त्यापलीकडे ऐकू जातं. दोघेजण तर तेवढं ऐकून आले.

पंधराव्या दिवशी निरीक्षक आले. घामाघूम होते. "तपासतो" म्हणून यंत्राखाली उभे राहिले ते वीस मिनिटं तपासत राहिले, मास्तरांनी त्यांना जागा करून दिली. मग केकच्या ताटांकडे वळले, वाकले, आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मी म्हटलं, "साहेब, ते मनुके आहेत. मागच्या वेळी दोन होते तेही मनुकेच होते." दुकान एकदम गप्प झालं. (यंत्र सोडून.) निरीक्षकांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि सही केली. जाताना मनुक्यांचाच केक घेऊन गेले.

तर अशी सगळी खुशाली आहे. तुम्ही डोळ्याला जपा, भावोजींना गार पिऊ देऊ नका. तुमच्या भावाला तुम्ही राखणदार म्हणायचात, ते बरोबर होतं, एवढंच त्यांच्या वतीने कळवते.

तुमची,
धाकटी वहिनी

ता. क. यंत्र परवापासून बंद आहे. बटणापाशी काहीतरी जळलं. वायरमन "होऊन जाईल" म्हणून गेला तो अजून यायचा आहे. वारा नाही, तरी माणसं येऊन उभी राहतातच, आणि इतकी राहतात की माशीला आत यायला फट नाही. मास्तर अजून ओरडूनच बोलतात.

ता. क. दुसरा. सुरुवातीला काही मागायचं नाही असं लिहिलं, ते खोडून पत्र घाण करत नाही. वन्सं, स्टूल परत पाठवाल का? मास्तरांच्या गुडघ्यांसाठी हवं आहे असं लिहिणार होते, पण मास्तरांना खुर्ची दिल्याचं वर लिहून बसले. स्टूल मला हवं आहे. दिवसभर दारात उभं राहून पाय दुखतात. कुंडी खिडकीत राहील.

आणि डुगडुगतं म्हणून त्याच्या आखूड पायांना काही ठोकलं असेल तर काढून पाठवा. ते सरळ करू नका. इथे फरशी जिथे खचली आहे तिथे त्याचा लांब पाय बरोबर बसतो.