स्नेहलला विचारायचं आहे

चिचगड,
१३ नोव्हेंबर २०१४

रीना,

जय भीम. जावईबापूंनाही सांग.

इकडे सगळे बरे आहेत असं लिहायला हात आपोआप वळला होता, थांबवला. स्नेहलच्या गर्भाशयात गाठ आहे. काल गोंदियाला सोनोग्राफी केली, आज सकाळी इथल्या दवाखान्यातल्या भागीरथा सिस्टरने रिपोर्ट वाचून पक्कं सांगितलं. अंगात रक्त सहा आहे. दोन बाटल्या चढवायच्या आहेत, त्यातली पहिली आज चढवून संध्याकाळी घरी सोडलं. सहा वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस, म्हणून स्पीड पोस्ट करतो. शनिवारपर्यंत तुझ्या हाती पडावं.

धान कापून झालं. मळणी राहिली आहे. शाळेत रजा टाकली.

गेल्या वर्षीपासून इथल्या दवाखान्यात पडद्यावरून नागपूरच्या डॉक्टरांना दाखवायची सोय झाली आहे. छोटी खोली, समोर पडदा, त्यावर कॅमेरा. हिमांशु नावाचा गोंदियाचा मुलगा मशीन लावून देतो. चार तारखेला मी स्नेहलला तिथे नेलं. पोट दुखतं आणि ती वाळत चालली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. नागपूरच्या मॅडमनी प्रश्न विचारले, मी खुणा केल्या, तिची उत्तरं सांगितली. लाईन खराब होती. मॅडमनी पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. अकरा तारखेला स्नेहल खळ्यावर चक्कर येऊन पडली.

आता त्यांना ऑपरेशन करायचं आहे. आज दुपारी पुन्हा पडद्यासमोर बसलो. मी म्हटलं, मी सही करतो, भाऊ आहे. मॅडम म्हणाल्या, "तिला ऐकू येत नाही, पण ती चोवीस वर्षांची आहे. तिला समजलं पाहिजे, होकार तिचा पाहिजे." नागपूरच्या मूकबधिर शाळेतल्या एक बाई त्यांनी शेजारी बसवल्या होत्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. त्यांनी खुणा सुरू केल्या. स्नेहल आधी हसली, मग माझ्याकडे बघायला लागली, मग दाराची चौकट धरून उभी राहिली. सुटेना. त्यांच्या खुणा शाळेतल्या. हिला फक्त आपल्या घरच्या खुणा येतात. आणि त्यातल्या निम्म्या तू बनवलेल्या.

सहा वर्षांपूर्वी तू तिला तुझ्याकडे नागपूरला नेऊन खुणांची भाषा शिकवणार होतीस, तेव्हा मी काय म्हणालो होतो ते तुला पाठ असेल. "घरचं तर तिले सगळं समजते. बाहेर कोणासंग बोलाचं आहे तिले?" मी दुसऱ्यांची मुलं शिकवणारा माणूस.

माझी बायको अंजू, तिला या घरात येऊन दोनच वर्षं झाली. जेव, झोप, पाणी, एवढ्या खुणा तिला येतात.

लाईन खराब नव्हती, रीना.

मॅडमनी विचारलं होतं, "पाळी किती दिवस जाते? मधेच रक्त जातं का?" हिमांशु बाजूलाच बसला होता. मी स्नेहलला नुसतं पोटावर हात ठेवून विचारलं. तिने मान हलवली. मग तिने टेबलावरच्या पेनचं लाल टोपण उचललं, स्वतःच्या साडीकडे दाखवलं आणि पाच बोटं चार वेळा उघडली. वीस दिवस. मला समजलं. पहिल्या झटक्यातच समजलं. मी तिचा हात खाली दाबला आणि मॅडमना म्हणालो, पाळी बरोबर आहे. कॅमेऱ्यात फक्त चेहरे येत होते. तिकडे काहीच दिसलं नाही.

बहिणीची ही गोष्ट भावाने परक्या माणसापुढे कशी सांगायची, एवढंच डोक्यात होतं. तिने दुसऱ्यांदा हात उचलला, मी दुसऱ्यांदा दाबला.

हे आज सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "काऊन दाबला हात? ते बोलून राहिली होती ना मास्तर!" घरी अंजू म्हणाली, "बाईची गोष्ट बाईले विचारू द्या लागत होती जी. मले काऊन नाही नेलं?" त्यानंतर दोघींपैकी कोणी माझ्याशी धड बोललेली नाही. स्नेहल मात्र मघाशी चहा घेऊन आली होती. पूर्वीसारखी.

मंगळवारी, अठरा तारखेला, अकरा वाजता तू तिकडे नागपूरलाच मॅडमच्या शेजारी बस. इकडे यायची गरज नाही. मॅडमचा नंबर आणि पत्ता मागच्या पानावर लिहिला आहे, त्या वाट बघतील. साडी एकरंगी नेस, फुलाफुलांची असली तर पडद्यावर हात उठून दिसत नाहीत. चित्र मधेच अडकतं. अडकलं तर खूण पहिल्यापासून पुन्हा कर. हिमांशुला कॅमेऱ्याचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "भैया, पहले बोलते ना, मैं पीछे कर देता." आता स्नेहलचे हात कमरेपर्यंत दिसतील.

तिला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पोट कापून गाठ काढू द्यायची का? आणि आत बघितल्यावर पिशवीच काढावी लागली तर? पिशवी गेली की मूल होणार नाही, हे तिला कळेल असं सांगायचं आहे. मला त्याची खूण माहीत नाही. तुम्ही दोघी लहानपणी आपसात असलं काय काय बोलायच्या, तुला माहीत असेल.

ती नाही म्हणाली तर काय, असं मी मॅडमना विचारलं. "तर पुन्हा समजावू. पण उत्तर तुम्ही द्यायचं नाही." सिस्टर म्हणते, थांबायला फार दिवस नाहीत, रक्त चढतं तेवढंच जातं आहे.

मी खोलीत नसेन. अंजू बसेल तिच्याजवळ. तिने हो म्हटलं तर बुधवारी सकाळी सहाला गाडी निघेल, नागपूरला खाट ठेवली आहे. मंगळवारी तू येणार आहेस हे मी स्नेहलला अजून सांगितलेलं नाही. तू आली नाहीस तर काय सांगू, ते मला सुचत नाही.

स्नेहलचा भाऊ, आणि तू म्हणशील तर तुझाही,
रत्नपाल