कड्याअलीकडचं गाव

४ मार्च
पोचलो एकदाच्या! वेधशाळेमागच्या टेकाडावर दोन खोल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत अख्खा ज्वालामुखी. ताईलाही खाली गावच्या दवाखान्यात नर्सची जागा मिळाली. वेधशाळेचे प्रमुख, आमचे सर, भलतेच मिश्कील. म्हणाले, डोंगरापेक्षा मीच जास्त धुमसतो, बायकोला विचार.

९ मार्च
सरांनी नकाशा समजावला. समुद्राच्या तळाचा थर जमिनीखाली सरकतो, खोलवर खडक वितळतो, तो रस वर चढून डोंगराच्या पोटात साचतो. त्यात वायू कोंडला की भडका. जुन्या राखेचे थर उकरून बघायचं, तापलेले लोट कुठवर आले होते. त्यावरून धोक्याचे पट्टे आखायचे. गाव कमी धोक्याच्या पट्ट्यात. मधला उंच कडा लोट अडवेल म्हणे.

१७ मार्च
उतार फुगलाय. गंधकाचा वायू एकदम वाढला. सरांनी गाव रिकामं करायला सांगितलं, तर लोक अंगावर धावले. गेल्या वर्षीही घरं सोडायला लावली होती. झालं काहीच नाही, मागे चोरांनी घरं धुऊन नेली. बेकरीवाला सगळ्यांत जास्त पेटलाय. म्हणतो, यंत्रं बसवायला भोकं पाडून तुम्हीच डोंगर डिवचलात.

१९ मार्च
वेधशाळेवर दगडफेक. यंत्रं फोडली, तारा उपटल्या. सर समजूत घालायला बाहेर गेले. बेकरीवाल्याने त्यांच्या डोक्यात गज घातला. मी पाय धरून त्यांना आत ओढलं. ताईने टाके घातले, पण रक्त थांबेना. सर एकच विचारत होते, उतार अजून फुगतोय का? एकही यंत्र चालू नाही.

२० मार्च, सकाळ
सर गेले. ताईने चादर वर ओढली.
जमीन थरथरतेय. थांबतच नाही.

दुपार
फुटला. लोट कड्यावरून सरळ अलीकडे — नकाशा चुकला — गाव दिसत नाही. माणसं टेकाड चढतायत, कपडे पेटलेले, काही वाटेतच —
आम्ही दोघी वेधशाळेच्या तळघरात.

दारावर धडका. दार उघडलं. बेकरीवाला. केस जळालेले, कडेवर मुलगी. मागून राखेची भिंत चालून येतेय. ताई ओरडली, घे आत! दोघांनाही घे! त्याने मुलगी माझ्या हातात दिली. मग स्वतःचा हात पुढे केला.
मी दार लावलं.
त्याची बोटं फटीत होती. मी तरीही लावलं.

आता बाहेर आवाज नाही. दार हात लावू देत नाही इतकं तापलंय. ताई माझ्याकडे बघत नाही. मुलगी सारखी विचारतेय, बाबा कुठायत?
तिला म्हटलं, बाबा ना, ते मागून येतायत.