आनेकलच्या घुमटाखालची जमीन

मी हेमलता पद्मनाभ कानिटकर, वय ७८, निवृत्त प्राध्यापिका, राहणार मल्लेश्वरम, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. गुडघ्यांबद्दल तसे म्हणता येत नाही, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही.

१. मल्लेश्वरमचे राहते घर, त्यातील सामान व बँकेतील ठेव माझा भाचा तनय यास मिळावी.

२. शहराबाहेरील आनेकलची माझी जमीन, तीवरील वेधशाळा व दुर्बीण यांसह, माझी विद्यार्थिनी भार्गवी चालवीत असलेल्या न्यासास मिळावी. ही जमीन तनयला हवी होती. "आत्या, तिकडे प्लॉटांचे लेआउट पडतायत, आत्ताच विकूया," असे तो म्हणाला. म्हणून कारण लिहिते.

ही वेधशाळा मूळ आमच्या विद्यापीठाच्या गच्चीवर, कृष्णमूर्ती सरांनी उभारलेली. मी व्याख्याती म्हणून रुजू झाले तेव्हा विभागप्रमुखांनी बजावले, "बायकांनी अंधार पडल्यावर वर थांबायचे नाही." मी रडकुंडीला आले. सर शांतपणे म्हणाले, "सरी, ठीक आहे. सूर्यसुद्धा ताराच आहे, अक्का. तो दिवसा दिसतो." दुर्बिणीतून सूर्याचे बिंब कागदावर पाडून त्यावरचे डाग रेखाटायला त्यांनीच शिकवले. ते काम मी निवृत्तीपर्यंत केले. पुढे शहराचे दिवे वाढले, तारे दिसेनासे झाले आणि वेधशाळेत सूर्याचे काम तेवढे उरले. विभागप्रमुख आपले विद्यार्थी माझ्याकडे पाठवू लागले. त्यांना मी क्षमा केली आहे, वेळ लागला.

मी निवृत्त झाल्यावर गच्चीवर मजला चढला. दुर्बीण विद्यापीठाने मला दिली, घुमट मात्र भंगारात गेला. भार्गवी आणि मी शोधत चिकपेटच्या लोखंडवाल्याकडे पोहोचलो, तेव्हा तो पत्रे कापायच्या तयारीत होता. "अण्णा, स्वल्प थांबा," म्हणत भार्गवी घुमटापुढे उभी राहिली आणि तो आमचा होईपर्यंत हलली नाही. तो आम्ही आनेकलच्या जमिनीवर पुन्हा उभारला. आज त्याच घुमटाखाली आनेकलच्या कामगारांची मुले सूर्य पाहतात. ती जागा विकू नये.

३. वेधशाळेत माझा फोटो लावू नये. सरांचा लावावा, हसतानाचा.

४. तनयला राग येईल. तो त्याने भार्गवीवर काढू नये, घरातल्या माझ्या फोटोसमोर बसून काढावा. त्याचे बोलणे मध्येच तोडायची मला खोड आहे. एकदा त्याचे सगळे बोलून होऊ दे.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली आहे.

हेमलता प. कानिटकर

आमच्यासमक्ष सही झाली:
१. डॉ. अहल्या शिराळी, शेजारी
२. अद्वैत गोखले, वकील

बेंगळुरू, १४ नोव्हेंबर २०२५